लघु-गुरूंची यादी आणि अनंताचे माप

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



आजच्या विषयात गणित आहे, आणि बोलणारी बाई मराठी साहित्य शिकवणारी आहे. गणित हा माझा प्रांत नव्हे. परंतु एकोणिसाव्या शतकातल्या एका गणितज्ञाने ‘किती’ आणि ‘तितकेच’ या दोन साध्या शब्दांचा अर्थ इतका खोल तपासला, की शब्दांवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याची दखल घेतलीच पाहिजे. शिवाय ‘किती’ हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवणाऱ्याच्या कपाळीच लिहिलेला असतो. यंदा वर्गात किती? वाचनालयात मराठी वाचक किती? नव्या पिढीत घरी मराठी बोलणारे किती? इंदुरात मी अठ्ठावीस वर्षे शिकवते आहे; या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी तक्त्यात भरते आहे. म्हणून आज ‘किती’चाच विचार करू, पण जिथे तक्ता पुरत नाही अशा ठिकाणी, म्हणजे अनंताच्या बाबतीत.

सुरुवात पंगतीपासून करू. लग्नघरी पाने मांडली आहेत. पाने जितकी तितकीच माणसे आहेत का, हे कसे कळेल? दोन्ही मोजून आकडे ताडता येतील. पण वाढपी तसे करत नाही. तो म्हणतो, “बसा मंडळी.” सगळे बसले, एकही पान रिकामे राहिले नाही, एकही माणूस उभा राहिला नाही, की झाले. दोन्हींची संख्या सारखी. ती शंभर आहे की सव्वाशे, हे ठाऊक नसले तरी बिघडत नाही. शाळेच्या पुस्तकात याला ‘एकास-एक संगती’ म्हणतात. ज्या मुलाला दहाच्या पुढे मोजता येत नाही, त्यालाही ही जोडी लावता येते. म्हणजे जोडी लावणे ही मोजण्याच्याही आधीची क्रिया आहे.

हीच कसोटी अनंत संचांना लावली की गंमत सुरू होते. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात गॅलिलिओने ती दाखवली आहे. १, २, ३, ४ अशा संख्या घ्या. त्यांच्या समोर त्यांचे वर्ग मांडा : एकासमोर १, दोनासमोर ४, तीनासमोर ९, चारासमोर १६. प्रत्येक संख्येला तिचा वर्ग मिळाला, प्रत्येक वर्गाला त्याचे मूळ मिळाले. पंगतीत कोणी उभा नाही, पान रिकामे नाही. म्हणजे वर्गसंख्या सगळ्या संख्यांइतक्याच! पण २, ३, ५, ६, ७ या तर वर्ग नाहीत. मग वर्ग कमी असायला नकोत का? गॅलिलिओच्या पात्राने निष्कर्ष काढला, की ‘सारखे’, ‘अधिक’, ‘उणे’ हे शब्द अनंताला लागूच पडत नाहीत. त्याने दार उघडले, आत डोकावला आणि पुन्हा लावून घेतले.

आपल्याकडेही अनंताचा विचार झालेला आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’कार भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटले. तिच्यात काही मिळवा, तिच्यातून काही काढा, ती बदलत नाही, असे सांगून त्यांनी तिची तुलना अच्युत परमेश्वराशी केली. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. जैन आगमांनी तर संख्येय, असंख्येय आणि अनंत असे तीन वर्ग करून त्यांचे पोटभेदही सांगितले. सगळे अनंत एकाच जातीचे नसतात ही जाण त्यात आहे. याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र दोन अनंत संच समोरासमोर बसवून जोडी लावण्याची कसोटी या विचारांत नाही, हेही तितक्याच स्वच्छपणे सांगावे.

ती कसोटी अनंताला निर्धाराने लावली गेऑर्ग कँटरने. जन्म १८४५, सेंट पीटर्सबर्गचा. घर जर्मनीत आले आणि १८६९पासून आयुष्यभर तो हाले या गावच्या विद्यापीठात शिकवत राहिला. त्याला बर्लिनला जायचे होते. गणिताचे केंद्र तिथे होते. ते कधीच जमले नाही, आणि बर्लिनच्या क्रोनेकरने त्याच्या विचाराला सतत विरोध केला. केंद्रापासून दूर बसून काम करणे म्हणजे काय, हे या सभागृहात मी समजावून सांगायला नको.

कँटर आणि त्याचा मित्र डेडेकिंड यांनी जे केले ते मुळात शब्दार्थाचे काम होते. ‘कमी’ या शब्दाचे आपण नकळत दोन अर्थ करतो. एक, ‘हा त्याचा फक्त एक भाग आहे’. दुसरा, ‘जोड्या लावल्या तर हा पुरत नाही’. पंगतीत, बाजारात, हजेरीपटावर, म्हणजे जिथे जिथे शेवट असतो तिथे, हे दोन अर्थ हातात हात घालून चालतात. म्हणून ते दोन आहेत हे आपल्या ध्यानातच येत नाही. अनंताच्या वाटेवर मात्र ते एकमेकांचा हात सोडतात. वर्गसंख्या हा संख्यांचा केवळ भाग आहे, हे खरे. आणि जोडी पुरी लागते, हेही खरे. यात विसंगती नाही. दोन प्रश्न होते, त्यांची दोन उत्तरे आली. डेडेकिंडने १८८८मध्ये याचीच व्याख्या केली : जो संच आपल्याच एखाद्या भागाशी एकास-एक जुळतो, तो अनंत. गॅलिलिओला जी अडचण वाटली, तीच ओळखीची खूण ठरली.

मग पुढचा प्रश्न येतो. सगळे अनंत असे एकमेकांशी जुळतातच का? अपूर्णांक घ्या. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घेत. पाव आणि निम्मे यांच्यामध्येही अपूर्णांक आहेत, आणि त्यातल्या कोणत्याही दोहोंमध्ये पुन्हा आहेतच. इतकी दाटी असताना त्यांची यादी कशी व्हावी? पण होते. अंश आणि छेद यांची बेरीज २ येते तो अपूर्णांक आधी, मग बेरीज ३ येणारे, मग ४ येणारे. प्रत्येक खेपेला मोजकेच सापडतात, आणि कोणताही अपूर्णांक कधी ना कधी पाळीत येतोच. जो संच असा पहिला, दुसरा, तिसरा करत पूर्ण यादीत बसवता येतो, त्याला ‘गणनीय’ म्हणतात. अपूर्णांक गणनीय आहेत.

इथपर्यंत वाटते, की सगळेच अनंत एका मापाचे असणार. आता आपण आपल्या घरी येऊ, म्हणजे छंदःशास्त्रात.

तीन अक्षरांचे लघु-गुरु क्रम किती? आठ. तेच आपले आठ गण. पिंगलाच्या परंपरेत हे सगळे क्रम ठरावीक रीतीने मांडण्याला ‘प्रस्तार’ म्हणतात. गु म्हणजे गुरू आणि ल म्हणजे लघू असे धरले, तर पहिली ओळ गु गु गु, दुसरी ल गु गु, असे करत आठवी ल ल ल. गणांच्या नावांनी म, य, र, स, त, ज, भ, न. परंपरा इथेच थांबत नाही. प्रस्तार पुसला गेला असेल आणि फक्त ओळीचा क्रमांक ठाऊक असेल, तर ती ओळ परत कशी मिळवावी, याची रीत आहे. तिला ‘नष्ट’ म्हणतात. सहावी ओळ हवी आहे? सहा सम आहे, म्हणून लघू लिहा आणि निम्मे करा : तीन. तीन विषम, म्हणून गुरू लिहा, एक मिळवून निम्मे करा : दोन. दोन सम, म्हणून लघू. झाला ल गु ल, म्हणजे ज गण. उलट, ओळ दिली असता तिचा क्रमांक काढण्याच्या रीतीला ‘उद्दिष्ट’ म्हणतात. क्रमांकावरून ओळ आणि ओळीवरून क्रमांक! एकास-एक संगतीचे इतके नेटके उदाहरण साहित्याच्या शिक्षकाच्या हाताशी असताना आपण वृत्ते केवळ पाठ करून घेतो, याचे वाईट वाटते.

चरण लांबला की प्रस्तार फुगतो. शार्दूलविक्रीडिताचा चरण एकोणीस अक्षरांचा. तितक्या अक्षरांचे क्रम ५,२४,२८८. आकडा मोठा आहे, पण शेवट असलेला आहे. प्रस्तार पूर्ण लिहिता येईल.

आता अशी ओळ कल्पा, की जी संपतच नाही. लघु-गुरु चालूच आहेत, कधी यती नाही. अशा सगळ्या अनंत ओळींचा प्रस्तार करता येईल का? समजा, कोणी म्हणाले, “केला आहे. पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या ओळी या यादीत आहेत.” त्याची यादी बघू :

पहिली : गु ल ल गु …
दुसरी : ल ल गु ल …
तिसरी : गु गु गु ल …
चौथी : ल गु ल ल …

आपण पहिल्या ओळीचे पहिले अक्षर पाहू, दुसरीचे दुसरे, तिसरीचे तिसरे, चौथीचे चौथे, असे तिरके खाली उतरत जाऊ. मिळाले गु ल गु ल. आता प्रत्येक अक्षर उलटे करू. गुरूचा लघू, लघूचा गुरू. झाली नवी ओळ : ल गु ल गु, आणि याच रीतीने पुढे. ही ओळ यादीत आहे का? पहिली नाही, कारण पहिल्या अक्षरात फरक आहे. दुसरी नाही, कारण दुसऱ्यात फरक आहे. हजारावी आहे म्हणाल, तर हजाराव्या अक्षरात फरक आहे. म्हणजे ती यादीत कुठेच नाही. बरे, तिला यादीत घातली तर? नव्या यादीतून याच रीतीने आणखी एक ओळ निघेल. यादी कोणाचीही असो, कितीही हुशारीने केलेली असो, ती अपुरीच राहणार.

हा युक्तिवाद कँटरने १८९१मध्ये मांडला, आणि त्यानेही दोनच चिन्हे घेतली होती. त्याच्या एम् आणि डब्ल्यूच्या जागी मी गुरू आणि लघू घेतले, एवढेच. लघूला शून्य आणि गुरूला एक म्हणा, की अशी प्रत्येक ओळ शून्य ते एक यांमधली एखादी वास्तव संख्या होते. काही संख्या दोन तऱ्हांनी लिहिता येतात, तेवढी किरकोळ दुरुस्ती करावी लागते. वास्तव संख्यांची यादी होत नाही, हे कँटरने वेगळ्या वाटेने १८७४मध्येच सिद्ध केले होते. अनंताहून मोठा अनंत असतो. तिथेही थांबत नाही : कोणताही संच घ्या, त्याच्यातून करता येणाऱ्या निवडींचा संच नेहमी त्याहून मोठा निघतो, आणि ही शिडी संपत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आणखी एखादे माप आहे का, हा प्रश्न हिल्बर्टने १९००मध्ये आपल्या प्रश्नांच्या यादीत पहिला ठेवला. गणिताच्या रूढ गृहीतकांवरून तो ‘नाही’ असे सिद्ध होत नाही आणि ‘आहे’ असेही होत नाही, हे गोडेल आणि १९६३मध्ये कोहेन यांच्या कामातून कळले. कँटरला हे पाहायला मिळाले नाही. १८८४पासून त्याला मानसिक आजाराचे झटके येत राहिले; १९१८च्या जानेवारीत हालेच्याच रुग्णालयात तो वारला.

आता हे सारे भाषेशी कुठे येऊन भिडते ते पाहू.

मराठीत लिहिता येईल असा सर्व मजकूर डोळ्यांपुढे आणा. लिहिलेला आणि न लिहिलेलाही. तो अनंत आहे, कारण सर्वांत लांब वाक्य असे नसतेच. कोणत्याही वाक्याआधी ‘आजी म्हणाली की’ जोडले की ते आणखी लांबते. पण प्रत्येक मजकूर कुठेतरी संपतो, आणि चिन्हे मोजकी आहेत. अक्षरे, काना-मात्रा, विरामचिन्हे, मोकळी जागा धरून शंभर समजू. या सगळ्याची यादी होईल का? शब्दकोशाच्या क्रमाने होणार नाही; ‘अ’, ‘अअ’, ‘अअअ’ करत राहिलो तर ‘आ’पर्यंत पोहोचणारच नाही. पण आधी एका चिन्हाचे शंभर मजकूर, मग दोन चिन्हांचे दहा हजार, मग तीन चिन्हांचे दहा लाख, असे लांबीच्या क्रमाने गेलो तर प्रत्येक मजकुराची पाळी येते. ज्ञानेश्वरीला या यादीत एक क्रमांक आहे. आजच्या भाषणाला आहे. तुमच्यापैकी कोणी दहा वर्षांनी लिहील त्या कादंबरीलाही तो आत्ताच आहे. म्हणजे मराठीतले सगळे सांगणे गणनीय आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली नम्र करणारी आहे. दोनाच्या वर्गमुळाला नाव आहे, परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला नाव आहे. पण ठरलेल्या भाषेत, ठरलेल्या अर्थाने करता येतील ती सगळी नावे मिळून गणनीयच. संख्या मात्र गणनीय नाहीत. तेव्हा बहुतेक वास्तव संख्यांना मराठीत नाव मिळणे शक्यच नाही. संस्कृतात नाही, जर्मनमध्ये नाही, कोणत्याच भाषेत नाही. संतांच्या ‘शब्दातीत’शी याची गल्लत करू नये. त्यांचे बोलणे अनुभवाचे आहे, हे निव्वळ मापाचे आहे. तरीही, जे आहे ते जे सांगता येते त्याहून अधिक आहे, ही गोष्ट सिद्ध करून मिळावी, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक जवळची. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले सुमारे ८ कोटी ३० लाख. हिंदीखाली गणले गेलेले सुमारे ५२ कोटी ८३ लाख. हे आकडे खरे आहेत. पण मराठीच्या यादीतला पहिला मजकूर हिंदीच्या यादीतल्या पहिल्यासमोर, दुसरा दुसऱ्यासमोर बसवत गेलात तर पान रिकामे राहत नाही. इंग्रजीशी तेच, कोकणीशी तेच, मोजक्या घरांत उरलेल्या एखाद्या बोलीशीही तेच. जोडी लागली म्हणजे अनुवाद झाला, असे कृपया समजू नका! एवढेच सिद्ध होते, की बोलणारे थोडे म्हणून भाषेतली जागा थोडी, असे नसते. ‘तुमची भाषा लहान’ असे कोणी म्हटले, तर विचारावे : कशाने लहान? माणसांनी म्हणत असाल तर मान्य. सांगण्याच्या शक्यतेने म्हणत असाल तर नाही.

मात्र या समाधानावर झोपून चालणार नाही. यादीत आपली कादंबरी आहे, पण तिच्या शेजारी तिचीच एकेक अक्षर चुकलेली लाखो रूपे आहेत, आणि त्यांच्या भोवती निरर्थक अक्षरांचे डोंगर आहेत. क्रमांकाने कोणाला काही वाचायला मिळत नाही. ५,२४,२८८ क्रमांतून एकच क्रम उचलून त्यात कवींनी शतकानुशतके लिहिले, म्हणून शार्दूलविक्रीडिताला नाव आहे. त्याच प्रस्तारातले बाकीचे बहुतेक क्रम निनावी पडून आहेत. अनंत शक्यतेतून हे घेतले आणि ते सोडले, ही निवड म्हणजे लिहिणे. ती निवड करायला माणूस लागतो, आणि माणसे, वर्षे, वर्ग, छापलेली पाने या सगळ्या गोष्टींना शेवट असतो. तिथे पुन्हा तक्त्यातला ‘किती’ परत येतो आणि तो टाळता येत नाही. मराठीचा वर्ग बंद पडला तर कँटरचा सिद्धान्त तो उघडून देणार नाही. त्यासाठी प्रवेश वाढवावे लागतील, पुस्तके घरात न्यावी लागतील, मुलांशी मराठीत बोलावे लागेल.

म्हणून शिक्षक मित्रांना एक सुचवते. वृत्ते शिकवाल तेव्हा गणिताच्या शिक्षकांनाही वर्गात बोलवा. चार अक्षरांचा प्रस्तार मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या. सोळाच ओळी आहेत. नष्ट आणि उद्दिष्ट करून दाखवा. मग न संपणाऱ्या ओळीची गोष्ट सांगा आणि खडू मुलांच्या हाती द्या. दीड तासात होईल. हा प्रयोग मी काही वर्षे करते आहे. कविता नको म्हणून मागे बसणारी मुले त्या दिवशी फळ्याशी येतात, आणि गणित नको म्हणून मराठीकडे वळलेल्या मुलीही येतात.

आणि ज्यांना लिहायचे आहे, त्यांना इतकेच. “सगळे लिहून झाले आहे” असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. जे लिहिले गेले ते नेहमी शेवट असलेलेच असते, आणि लिहिण्याजोगे उरलेले नेहमी अनंत. “मराठीत काय होणार?” असे म्हटले तर वर सांगितलेली जोडी लावून दाखवा. त्यानंतर मात्र वाद घालत बसू नका. घरी जा आणि एक पान लिहा.